कोळंबीच्या टाकाऊ कवचापासून कायटिन व कायटोसान : प्रक्रिया आणि तिचा हिशेब

कोळंबी सोलल्यानंतर डोके व कवच मिळून तिच्या वजनाचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग टाकाऊ ठरतो. हा कचरा उष्ण व दमट हवेत काही तासांतच कुजू लागतो. बंदरालगत राहणाऱ्यांना त्याचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखात त्यापासून मिळणाऱ्या जैवबहुवारिकांच्या निष्कर्षणाचे विवेचन केले आहे.

कायटिन हे सेल्युलोजचे जवळचे नातलग होय. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांना १८११ मध्ये ते प्रथम आढळले, तेही कवचात नव्हे, तर अळंबीत. शुष्क कवचात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्के असते. परंतु ते कॅल्शियम कार्बोनेट व प्रथिने यांच्याशी घट्ट निगडित असते. म्हणून विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने खनिजे आणि विरल सोडियम हायड्रॉक्साइडने प्रथिने काढून टाकतात. उरलेले कायटिन ४० ते ५० टक्के संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापविले असता बहुतांश अ‍ॅसिटिल गट निघून जातात व कायटोसान तयार होते. कायटिन पाण्यात वा सामान्य द्रावकांत विरघळत नाही. कायटोसान मात्र विरल अ‍ॅसिटिक अम्लात विरघळते व त्याचे अमिनो गट धनभारित होतात. रक्तस्राव थांबविणाऱ्या पट्ट्या आणि सांडपाण्यातील ऋणभारित कण साकळविणे हे उपयोग मुख्यतः याच धनभारावर आधारलेले आहेत.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपल्या परिसंवादांत वारंवार ऐकू येतात. हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. एक किलोग्रॅम शुष्क कवचात ४०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट व २५० ग्रॅम कायटिन आहे असे मानू. केवळ खनिजे विरघळविण्यास २९२ ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक अम्ल खर्ची पडेल. त्यातून ४४४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड व १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होईल. हाती येणारे कायटोसान मात्र फार तर २०० ग्रॅम. शिवाय प्रत्येक टप्प्यानंतर पदार्थ उदासीन होईपर्यंत धुवावा लागतो. ते पाणी प्रक्रियेविना खाडीत सोडल्यास कचऱ्याचे केवळ रूप बदलते.

लॅक्टिक अम्ल जीवाणूंद्वारे किण्वन हा यावरील सौम्य पर्याय होय. त्यास शर्करेचा पुरवठा लागतो, परंतु प्रथिनयुक्त द्रव पशुखाद्यास उपयोगी पडू शकतो. अर्थात शुद्धीकरण बहुधा अपुरे राहते व अखेरीस थोडे अम्ल व अल्कली वापरावेच लागते.

महाविद्यालयीन प्रकल्पांत हा प्रयोग सहज करता येतो. तथापि, अहवालात केवळ उतारा नोंदवून भागत नाही. राखेचे प्रमाण, अ‍ॅसिटिल गट निघाल्याची टक्केवारी आणि वापरलेले पाणी यांचीही नोंद हवी. खनिजे पुरती निघाली नाहीत, तर त्यांचे वजन कायटिनच्या खात्यात जमा होते आणि उतारा फसवा वाढतो.