लाउडस्पीकर आधीं, ॲम्प्लिफायर मागून

घरांत संगीत ऐकण्याची चांगली सोय करावयाची ठरली, कीं पहिली चर्चा होते ती ॲम्प्लिफायर किती वॉटांचा घ्यावा याची. त्यांत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची आवड तरुण मंडळींत पुन्हां रुजली असल्यानें हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढेंहि येऊन ठेपतो. या ॲम्प्लिफायरचे वॉट वाढले, कीं व्हॉल्व्ह वाढतात, तांब्या-लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर जड होतात आणि किंमतहि चढत जाते. मग एक तर बेत सोडावा लागतो, नाहीं तर घरखर्चाला कात्री लागते. आमच्या मतें येथें मुळांत प्रश्नच उलट्या टोंकाकडून विचारला जातो. वॉट किती हवेत हें लाउडस्पीकर ठरवितो; म्हणून निवड आधीं त्याची करावी.

लाउडस्पीकर हें मोठें उधळें यंत्र आहे. त्याला दिलेल्या विद्युच्छक्तीपैकीं अगदीं अल्प अंश ध्वनि होऊन बाहेर पडतो; उरलेली उष्णतेंत जाते. एक वॉट दिला असतां एक मीटरवर किती डेसिबल ध्वनि मिळतो, या आंकड्यास संवेदनक्षमता म्हणतात. ८९ डेसिबलांचा लाउडस्पीकर शंभरांतील अदमासें अर्धा भागच ध्वनींत उतरवितो. ९९ डेसिबलांचा पांच भाग उतरवितो. हा हिशेब पटीचा आहे. ३ डेसिबल अधिक हवे असतील तर शक्ति दुप्पट लागते, १० हवे असतील तर दसपट. दिवाणखान्यांत तीन मीटरांवर बसून गाण्यांतील जोरकस जागा ९५ डेसिबलांनीं ऐकावयाच्या असल्या, तर ८७ डेसिबलांच्या जोडींतील प्रत्येकास सुमारें २५ वॉट द्यावे लागतील. ९७ डेसिबलांच्या जोडीस अडीच वॉट पुरतील. ईएल८४ जातीचा एकच व्हॉल्व्ह सुमारें पांच वॉट देतो. म्हणजे दर बाजूस एक लहानसा व्हॉल्व्ह, आणि काम झालें!

हें तत्त्व जुनेंच आहे. बोलपटांच्या आरंभीं ॲम्प्लिफायरची शक्ति बेताची असे. म्हणून मोठाले कर्णे लावून तेवढ्यांतच सारें चित्रगृह भरावें लागे. १९४६ सालीं पॉल क्लिप्श यांनीं अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत कारखाना काढला, तो याच कर्ण्याच्या तत्त्वावर. पुढें १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं लहान बंद पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला आणि वारें फिरलें. त्या खर्जाचें मोल कार्यक्षमतेनें चुकवावें लागलें. पण ट्रान्झिस्टरनें वॉट स्वस्त केल्यामुळें त्याची खंत कोणास वाटली नाहीं. हॉफमन यांच्या नांवाचा नियम प्रसिद्धच आहे : लहान पेटी, खोल खर्ज आणि अधिक कार्यक्षमता, या तिहींपैकीं दोनच गोष्टी एका वेळीं साधतात.

तेव्हां कुटुंबानें काय सोडावयाचें तें आधींच ठरवावें. जागा असेल तर मोठी पेटी घ्यावी. ज्यांच्या घरीं गायन, सतार, व्हायोलिन हेंच मुख्य ऐकणें आहे, त्यांस अतिखोल खर्जाची ओढ धरण्याचें कारण नाहीं. मर्दानी तंबोऱ्याचा खर्जहि सेकंदास सुमारें ७० कंपनांचा असतो, आणि चांगली मोठी पेटी तेथवर सहज पोंचते. जागाच नसेल, तर हट्ट न धरतां लहान पेट्या व ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घेणें हेंच शहाणपण होय.

खरेदी करतांना दोन गोष्टी ताडून पाहाव्या. पहिली, संवेदनक्षमतेचा आंकडा एका वॉटाचा आहे, कीं २·८३ व्होल्टांचा? ८ ओहमांच्या लाउडस्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे एक वॉट. परंतु ४ ओहमांच्यास ते दोन वॉट होतात आणि आंकडा ३ डेसिबलांनीं फुगलेला दिसतो. दुसरी, पेटीवर ८ ओहम लिहिलें असलें, तरी कांहीं सुरांना तो रोध ३ ओहमांपर्यंत उतरतो. असा चंचल सोबती व्हॉल्व्हला मानवत नाहीं. कागदावरील आंकड्यांनंतर शेवटचा कौल मात्र आपल्या खोलींत, आपल्या आवडीचें गाणें लावून, कानांकडूनच घ्यावा.

मुलें असलेल्या घरांनीं आणखी एक दक्षता घ्यावी. या ॲम्प्लिफायरच्या पोटांत ३०० व्होल्ट व त्याहूनहि अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि तो कांहीं काळ कपॅसिटरमध्यें टिकतो. व्हॉल्व्हची कांचहि हात भाजण्याइतकी तापते. म्हणून यंत्र उंचावर, जाळीच्या आंत ठेवावें. तें जाणत्यावांचून कोणीं उघडूं नये. आणि लाउडस्पीकर जोडल्यावांचून कधींहि चालू करूं नये, कारण त्यानें ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.

अंथरूण पाहून पाय पसरण्याची आपली जुनी शिकवण येथेंहि उपयोगी पडते. ठरविलेल्या रकमेंतील मोठा वांटा लाउडस्पीकरला द्यावा आणि राहिलेल्यांत साधा, नेटका, थोड्या वॉटांचा ॲम्प्लिफायर घ्यावा. घरांतील आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून गाणें ऐकावें, एवढ्यासाठीं कर्ज काढावें लागत नाहीं.