जीवनसत्त्वांच्या गोळ्या : केव्हां व कशा घ्याव्या ?

इ. स. १७४७ मध्यें ‘सॅलिसबरी’ नांवाच्या इंग्रजी लढाऊ जहाजावर स्कर्व्हीचा रोग पसरला. खलाशांच्या हिरड्या कुजूं लागल्या व अंगांतील त्राण नाहींसें झालें. जहाजावरील डॉक्टर जेम्स लिंड यांनीं १२ रोगी निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, त्यांपैकीं एकजण सहा दिवसांअखेर कामावर जाण्याजोगा झाला !

हा गुण ‘क’ जीवनसत्त्वाचा होय, हें पुढें विसाव्या शतकांत कळलें. परंतु लिंबू त्या खलाशांस अमृतासारखें लागू पडलें, तें त्यांच्या शरीरांत त्या द्रव्याची उणीव होती म्हणून. जेथें उणीव नाहीं, तेथें गोळीनें बळ वाढत नाहीं.

मग उणीव कोणास असते ? धान्य, डाळी, पालेभाज्या, फळें, दूध, अंडीं किंवा मासे असा मिश्र आहार ज्यांस मिळतो, त्यांस गोळीची गरज सहसा पडत नाहीं. तथापि ‘ब-१२’ वनस्पतींत जवळजवळ नसतेंच. म्हणून दूधही न घेणाऱ्या शाकाहारी मनुष्यास तें बाहेरून घ्यावें लागतें. ज्यांच्या अंगास ऊन लागत नाहीं, त्यांस ‘ड’ कमी पडतें. वाढत्या वयांत, विशेषतः मुलींस, लोह कमी पडतें. याकरितां सरकारी योजनेंत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींस आठवड्यास एक निळी गोळी देतात. तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, म्हणजे ‘ब’ वर्गांतील एक जीवनसत्त्व, असतें.

ही गोळी उपाशीं पोटीं घेतल्यास मळमळतें, आणि मग मुलें ती हळूच खिडकीबाहेर टाकतात. हा दोष गोळीचा नव्हे, वेळेचा होय. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळें झाल्यास भिऊं नये. लिंबू किंवा आवळा खाल्ल्यानें लोह अंगीं लागतें. चहा त्यास अडवितो, म्हणून पुढें तासभर तरी चहा पिऊं नये. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांत विरघळतात, म्हणून तीं तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यावीं.

अधिक घेतल्यास काय होतें ? ‘क’ आणि ‘ब’ वर्ग यांचा जास्त झालेला भाग बहुतेक लघवीवाटे निघून जातो. परंतु ‘अ’ व ‘ड’ शरीरांत सांठत जातात. आठवड्यांतून एकदां सांगितलेली ‘ड’ ची ६०,००० एककांची पुडी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तांतील कॅल्शियम वाढून तहान व वांत्या सुरू होतात, आणि मूत्रपिंडासही इजा पोहोंचूं शकते.

यास्तव पालकांस विनंति कीं, औषध ‘रोज’ घ्यावयाचें कीं ‘आठवड्यास’, हें डॉक्टरांस विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावें. एकाची गोळी दुसऱ्यास देऊं नये. व गोड गोळ्या लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मित्रहो, तुम्हीही एवढें ध्यानांत ठेवा कीं, जीवनसत्त्वाची गोळी हा खाऊ नव्हे, तें औषध आहे.