उल्हासचे पाणी : वहीत न लिहिला जाणारा कच्चा माल

कापडाच्या धंद्यात कच्चा माल म्हटला की सूत, रंग, चेन, बटण एवढेच आपण मोजतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मात्र या सर्वांच्या आधी एक माल लागतो, तो म्हणजे पाणी. तो कोणाच्याही खरेदी-वहीत नीट लिहिलेला नसतो. पण तो तुटला किंवा नासला की शिलाई मशीनपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत सर्वांना झळ बसते. म्हणून हे पाणी येते कोठून, जाते कोठे आणि त्याची किंमत कोण देतो, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

पाणी येते कोठून?

उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. तेथून पुढे तिची खाडी होते आणि वसईजवळ ती अरबी समुद्राला मिळते. कोकणच्या नद्या आखूड. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात वाळवंट. उल्हास त्याला अपवाद आहे, आणि त्याचे कारण माणसाच्या हातचे आहे. घाटमाथ्यावर टाटांच्या वीज कंपनीने आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण बांधले. १९२२ पासून त्याचे पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरते व वीज झाल्यावर उल्हासच्या खोऱ्यात येते. जे पाणी मुळात इंद्रायणी-भीमेतून पूर्वेकडे गेले असते, ते आपल्याला बारमाही मिळते.

दुसरा आधार एमआयडीसीच्या बारवी धरणाचा. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. त्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावे व पाडे उठले. आपल्या नळाला पाणी यावे म्हणून कोणाची तरी शेती व घरे पाण्याखाली गेली, हेही हिशेबात धरावे.

धंदे पाण्यामागे आले

अंबरनाथला १९१९ साली धरमसी मोरारजी कंपनी उभी राहिली. गंधकाचे तेजाब व खत हा तिचा माल. शहाडला नदीकाठी सेंच्युरी रेयॉन आली. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढायचा तर तेजाब, कॉस्टिक आणि धुण्यासाठी पाणीच पाणी लागते. अशा कारखान्यासाठी नदीकाठ ही सोय नव्हे, गरज आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावण्यांत आले. त्या वस्तीला १९४९ मध्ये या नदीवरूनच उल्हासनगर नाव मिळाले. गंमत अशी की नाव नदीचे असूनही या शहराला स्वतःचे धरण नाही. महापालिका एमआयडीसीकडून पाणी विकत घेते.

जीन्सने काय शिकवले?

जीन्स पँट शिवून झाली म्हणजे माल तयार झाला असे नाही. प्रथम कापडाची कांजी काढावी लागते. मग एन्झाइम किंवा दगडाची धुलाई, ब्लीच, ब्लीच मारण्याचे रसायन, पुन्हा स्वच्छ पाणी, शेवटी सॉफ्टनर. प्रत्येक पायरीला नवे पाणी घ्यायचे आणि निळे पाणी सोडायचे. उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजूला अशी शेकडो धुलाई-रंगाई युनिटे होती. त्यांचे पाणी वालधुनीत जाई. ही छोटी नदी अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहत कल्याणला उल्हासच्या खाडीत मिळते. तिच्यात बाहेरून टँकरही ओतले जात. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर अशाच एका प्रकारात वायू पसरून शेकडो लोकांना इस्पितळ गाठावे लागले.

प्रकरण हरित लवाद व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ च्या सुमारास जीन्स युनिटांची वीज व पाणी तोडण्यात आले. येथे साखळी पाहा. बंद झाली धुलाई, पण काम अडले कटिंग मास्टरचे, शिलाई कारागिरांचे, काज-बटणवाल्यांचे, घरी बसून धागे काटणाऱ्या बायांचे, हातगाडी व टेम्पोवाल्यांचे. यांपैकी एकानेही नदीत रंग सोडला नव्हता. खाली खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याची रोजी तर त्याच्या आधीच बुडू लागली होती. त्याच्यासाठी कोणी संप केला नाही, कारण तो आपल्या साखळीत मोजलाच जात नव्हता.

स्वस्त धुलाई किती महाग?

समजा, विनापरवाना युनिट नगामागे २५ रुपये घेते आणि पाणी शुद्ध करून सोडणारे ३२ रुपये. एक हजार नगांवर फरक सात हजारांचा. पण युनिटला सील लागले आणि ३५० रुपये लागवडीच्या हजार पँट आत अडकल्या, तर साडेतीन लाख गुंतले. वर हंगाम गेला, गिऱ्हाईक गेले, कारागिरांची मजुरी थकली. सात हजारांची बचत अशी फिटते. नियमाने चालणाऱ्या युनिटचा दर जास्त असतो, कारण तो पाण्याची खरी किंमत लावतो. दुसरा ती किंमत कोळ्याकडून, शेजाऱ्याकडून आणि शेवटी आपल्याकडून वसूल करतो.

व्यापाऱ्याने काय करावे?

जॉबवर्क देण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र पाहावे. ते चालू मुदतीचे आहे का, किती पाण्यासाठी आहे, हे वाचावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नुसते बांधलेले आहे की चालते, ते पाहावे. चालत असेल तर विजेचे बिल, रसायनांची खरेदी आणि गाळ अधिकृत ठिकाणी पाठवल्याच्या पावत्या असतातच. एकट्याला यंत्रणा परवडत नसेल तर लहान युनिटांनी मिळून सामायिक केंद्राची मागणी लावून धरावी. शेवटच्या खळखळीचे पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरले तरी मोठी बचत होते. ओझोन व लेझर यंत्रांनी पाणी आणखी कमी लागते.

आणि लागवड काढताना कापड, शिलाई, वाहतूक यांच्या खाली एक ओळ पाण्याची लिहावी. घेण्याचा खर्चही, सोडण्याचाही. युनिटे येथून उठून आसपासच्या गावांत गेली, तरी गावाचा ओढा शेवटी नदीलाच मिळतो. जागा बदलून हा हिशेब चुकवता येत नाही. ज्या धंद्याच्या भावात ही ओळ बसत नाही, तो धंदा दुसऱ्याच्या खिशावर चाललेला आहे असे समजावे आणि आपला पैसा त्यात घालताना दहा वेळा विचार करावा.