एका विद्यार्थिनीचा नकाशा

स्थापत्यशाळेंत शिकणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घरांतलें एक दृश्य आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें असेल. माळ्यावर, कपाटाच्या माथ्यावर, नाहीं तर पलंगाखालीं कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या पडलेल्या असतात. त्यांत एखादें रुग्णालय असतें, एखादें नाट्यगृह, एखादें रेल्वेचें स्थानक. परीक्षकांनीं गुण दिले कीं त्या इमारतींचें आयुष्य संपलें! पुढें दिवाळीच्या साफसफाईंत कोणी तरी वडीलधारें माणूस त्या गुंडाळ्या हातांत धरून, “हें ठेवायचें कीं टाकायचें?” म्हणून विचारतें, आणि मुलाला उत्तर देववत नाहीं. पदवी पदरांत पडल्यावरहि पहिलीं पांच-सात वर्षें बहुधा दुसऱ्याच्या नांवावर जाणाऱ्या इमारतींचे जिने आणि मोऱ्या काढण्यांतच जातात. धंद्याची रीतच तशी आहे, आणि तींत गैर कांहीं आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वर्गासाठीं काढलेला नकाशा जवळजवळ जशाचा तसा दगडांत उतरला, आणि तोहि एका बलाढ्य राष्ट्राच्या राजधानींत, असें एक उदाहरण घडून गेलें आहे. त्याची हकीकत सुविद्य कुटुंबांनीं, विशेषतः मुलींच्या आई-बापांनीं, वाचण्याजोगी आहे.

तिचें नांव माया लिन. नांव ऐकून ती आपल्याकडचीच कोणी असावी असें वाटतें. पण आई-बाप चिनी, आणि जन्म अमेरिकेंतील ओहायो राज्यांत अथेन्स नांवाच्या लहानशा विद्यापीठाच्या गांवीं, ५ ऑक्टोबर १९५९ रोजीं झाला. वडील हेन्री लिन हे मातीचीं भांडीं घडविणारे कलावंत व तेथील विद्यापीठांत ललितकला शाखेचे प्रमुख. आई ज्यूलिया लिन ह्या कवयित्री व साहित्याच्या प्राध्यापिका. घरांत जेवायला बसावें तें वडिलांनीं स्वतः घडविलेल्या भांड्यांत. वस्तूला हात लावून ती ओळखण्याची जी संवय पुढें ह्या मुलीच्या प्रत्येक कामांत दिसते, तिचें मूळ शोधायला आम्हांला तरी फार दूर जावेंसें वाटत नाहीं.

ह्याच कुटुंबांतील आणखी एका स्त्रीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हेन्री लिन ह्यांची सावत्र बहीण, म्हणजे मायाची आत्या, लिन ह्वेयिन. १९२४ सालीं रवीन्द्रनाथ ठाकुर चीनला गेले, तेव्हां दुभाषाचें काम करणारी तरुणी ती हीच. त्याच वर्षीं ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत स्थापत्य शिकावयास गेली. पण त्या शाखेचें दार स्त्रियांना बंद होतें. तेव्हां तिनें नांव घातलें ललितकलेंत आणि अभ्यास केला स्थापत्याचा! मायदेशीं परतल्यावर पतीबरोबर खेडोपाडीं हिंडून, तुळयांवर चढून, जुन्या देवळांचीं मापें घेतलीं. १९३७ सालीं थांग राजवटींतील फोग्वांग मंदिराचा शोध ह्या दांपत्यानेंच लावला. ती १९५५ सालीं वारली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें तिला स्थापत्याची पदवी दिली ती २०२४ सालीं, मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनीं.

आतां भाचीकडे वळूं. माया येल विद्यापीठांत शिकत होती. तेथील एका भव्य दालनाच्या भिंतींवर युद्धांत पडलेल्या माजी विद्यार्थ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. ती नवी नवी तेथें आली तेव्हां व्हिएतनाममध्यें पडलेल्यांचीं नांवें कोरण्याचें काम चालूच होतें. येतां-जातां पाथरवट टांकी चालवीत आहेत, आणि मुलें-मुली त्या अक्षरांवरून बोटें फिरवीत आहेत, असें तें नित्याचें दृश्य. शेवटच्या वर्षीं, १९८० सालीं, तिनें व कांहीं सोबत्यांनीं मृतांसाठीं बांधावयाच्या वास्तूंचा एक खास अभ्यासक्रम घेतला. विषय विचित्र खरा. पण छत्र्या, समाधी आणि वीरगळ ज्या देशांत गांवोगांव आहेत त्या देशांतील वाचकांना तो विचित्र वाटूं नये.

ह्या वर्गांत प्रथम एक काल्पनिक काम दिलें होतें : तिसऱ्या महायुद्धाचें स्मारक. मायानें जमिनीखालीं उतरत जाणारी, वाट चुकविणारी, माणसाला हताश करून सोडणारी एक रचना काढली. तसें युद्ध झालें तर मागें उरणार तरी काय, असा तिचा विचार. प्राध्यापक रागावले. आपला भाऊ अशा युद्धांत गेला असता तर ह्या जागीं आपण पाऊलहि टाकलें नसतें, अशा अर्थाचें ते बोलले. हा अभिप्राय तिच्या मनांत राहिला. स्मारक कल्पनेसाठीं नसतें. ज्याचें माणूस गेलें आहे तो तेथें येणार असतो. आमच्या मतें तिच्या सबंध शिक्षणांतला सर्वांत मोलाचा पाठ हाच. त्याच सुमारास व्हिन्सेंट स्कली ह्या प्रसिद्ध प्राध्यापकांच्या तोंडून तिनें फ्रान्समधील थिएपवाल येथील स्मारकाचें विवरण ऐकलें. सोमच्या लढाईंत बेपत्ता झालेल्या बहात्तर हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें त्यावर आहेत. त्याचे शिल्पकार लट्येन्स. आपल्या नव्या दिल्लीचे कर्ते तेच.

इतक्यांत एक खरें काम समोर आलें. व्हिएतनामहून जखमी होऊन परतलेल्या जॅन स्क्रग्ज नांवाच्या एका साध्या सैनिकानें १९७९ सालीं स्मारकनिधि सुरू केला होता. सरकारनें वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती उद्यानांत दोन एकर जागा दिली; पैसा मात्र लोकवर्गणींतून उभा राहिला, सुमारें ८४ लक्ष डॉलर. सर्व मृतांचीं व बेपत्तांचीं नांवें असावीं, जागेशीं मेळ असावा, युद्ध योग्य कीं अयोग्य ह्याविषयीं स्मारकानें अवाक्षर काढूं नये, अशा अटी घालून खुली स्पर्धा जाहीर झाली. वर्गानें हाच विषय अखेरच्या कामासाठीं घेतला. नोव्हेंबरच्या सुटींत माया ती जागा पाहून आली. हिरवळ, थंडीचे दिवस, तुरळक माणसें. ही जमीन सुरीनें कापून उघडावी आणि कापलेली कड घोटून आरशासारखी करावी, असें तिला तेथेंच सुचलें. परत आल्यावर विद्यापीठाच्या भोजनगृहांत तिनें पहिला नमुना केला तो कुसकरलेल्या बटाट्याचा!

वर्गांत ह्या नकाशाला ‘ब’ श्रेणी मिळाली.

स्पर्धेला १,४२१ नकाशे आले. विमानें ठेवण्याच्या एका प्रचंड कोठारांत ते टांगले, तर रांग मैलभराहून लांब झाली. नांवें झाकलेलीं, केवळ अनुक्रमांक. आठ परीक्षक, बहुतेक मुरलेले स्थापत्यविशारद, उद्यानरचनाकार आणि शिल्पकार. क्रमांक १०२६ चें चित्र मऊ रंगखडूचें, जवळजवळ बाळबोध. सोबत हातानें लिहिलेला एक निबंध. परीक्षकांचें एकमत त्यावरच झालें. मे १९८१ मध्यें निकाल जाहीर झाला आणि झाकलेलें नांव उघडलें, तेव्हां तें एकवीस वर्षांच्या, पदवीहि हातीं न आलेल्या मुलीचें निघालें. बक्षीस २०,००० डॉलर.

रचना थोडक्यांत सांगतों. काळ्या दगडाच्या दोन भिंती, प्रत्येकी २४६ फूट ९ इंच लांबीच्या, सुमारें १२५ अंशांच्या कोनांत एकमेकींस मिळतात. एकीचें टोंक लिंकनच्या स्मारकाकडे रोखलेलें, दुसरीचें वॉशिंग्टनच्या स्तंभाकडे. टोंकाशीं उंची अवघी वीतभर. जसजसें उतरत जावें तसतशी भिंत चढते आणि सांध्याशीं १० फूट ३ इंच होते. मागच्या बाजूला कांहींच नाहीं, हिरवळ आणि माती. म्हणजे ही भिंत जमिनीवर बांधलेली नसून जमिनीची उघडी पडलेली कूस आहे.

खरा कस लागला तो नांवांच्या क्रमावर. मायाचा आग्रह असा कीं नांवें वर्णानुक्रमानें न लावतां मृत्यूच्या दिनक्रमानें लावावीं. सैनिक बिथरले. दूरदूरच्या गांवांहून आलेल्या आईनें हजारों नांवांत आपला मुलगा शोधायचा कसा? आक्षेप योग्यच होता. पण लष्करी खात्याची यादी मागवून पाहिली, तर तींत सहाशेंहून अधिक स्मिथ, आणि जेम्स जोन्स ह्या एकाच नांवाचे सोळा! आपल्याकडे अशी यादी केली तर जोश्यांचीं आणि कुलकर्ण्यांचीं किती पानें भरतील तें वाचकांनींच ताडावें. वर्णानुक्रमानें भिंत म्हणजे नुसती खानेसुमारी झाली असती. दिनक्रमानें एका चकमकींत पडलेले सोबती शेजारी शेजारी आले, आणि शोधण्यासाठीं जवळच एक सूचिग्रंथ ठेवला कीं काम भागलें. १९५९ सालचें पहिलें नांव सांध्यापाशीं, उजव्या भिंतीच्या माथ्यावर. तेथून नांवें उजव्या टोंकापर्यंत जातात, डाव्या टोंकाला पुन्हा सुरू होतात, आणि १९७५ सालचें शेवटचें नांव पुन्हा सांध्याशींच, पायथ्याला येतें. वर्तुळ पुरें होतें. मृत्यु निश्चित झालेल्याच्या नांवापुढें चौकट, बेपत्ता असलेल्यापुढें क्रूस. बेपत्ता माणूस जिवंत परत आला तर त्या क्रूसाभोंवतीं वर्तुळ कोरायचें अशी योजना आहे. तसें एकहि वर्तुळ कोरण्याची वेळ आलेली नाहीं.

आणि दगड? तो आपल्या देशांतला, बंगळूरकडच्या खाणींतला. त्याचे तुकडे व्हर्मांट राज्यांत कापले-घोटले गेले आणि अक्षरें टेनेसी राज्यांतील मेंफिस शहरीं उठविलीं गेलीं. घोटलेल्या काळ्या पाषाणांत पाहणाऱ्याचें स्वतःचें मुख नांवांच्या ओळींमागें उमटतें, म्हणून मायाला काळाच रंग हवा होता. पण त्या रंगानेंच वादळ उठलें. एका माजी सैनिकानें भर सभेंत ह्या स्मारकाला लज्जेचा काळा घाव म्हटलें. पांढरा दगड हवा, उंच चौथरा हवा, वीरांचे पुतळे हवेत, अशी ओरड झाली. काळा म्हणजे शोकाचा आणि लाजेचा, हें तिकडचें समीकरण. पंढरीच्या सांवळ्या मूर्तीपुढें डोकें ठेवणाऱ्या आपल्या लोकांना तें पटायला जड जाईल. अखेर जॉर्ज प्राइस नांवाच्या कृष्णवर्णी सेनानींनींच उभें राहून, काळा रंग लाजेचा आहे असें आपल्यासमोर कोणी बोलूं नये, असें सुनावलें, आणि तो एक मुद्दा तरी तेथें मिटला.

बाकीचे मिटले नाहींत. आशियांतल्या युद्धाचें स्मारक आशियाई आई-बापांच्या मुलीनें काढावें काय, असेंहि विचारण्यांत आलें. ती जन्मानें अमेरिकन आहे ह्याचा विसर सोयीस्करपणें पडला. एका धनाढ्य देणगीदारानें विरोधाची आघाडी उघडली; गृहमंत्री जेम्स वॉट ह्यांनीं बांधकामाचा परवाना अडवून धरला. तडजोड झाली ती अशी कीं तीन सैनिकांचा एक पुतळा आणि एक ध्वजस्तंभ उभारावा. विरोधकांना पुतळा भिंतींच्या ऐन सांध्यापुढें आणि ध्वज अगदीं माथ्यावर हवा होता. तसें झालें असतें तर सबंध रचना म्हणजे पुतळ्याची पाठभिंत होऊन बसली असती. माया ह्यास अखेरपर्यंत विरोध करीत राहिली. कलासमितीनें दोन्ही वस्तू दूर, वाटेच्या बाजूला नेल्या, आणि नकाशा वांचला. पदवी घेतल्यावर ती वॉशिंग्टनमध्येंच राहून ज्या कचेरीकडे बांधकाम होतें तेथें सल्लागार म्हणून प्रत्येक तपशिलासाठीं भांडत होती. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनें मंत्री, सेनानी आणि कंत्राटदार ह्यांच्यासमोर आपल्या रेघेवर ठाम राहणें ही गोष्ट, नकाशा सुचण्याहूनहि, आम्हांला अधिक दुर्मिळ वाटते. पुतळा वाईट आहे असें नव्हे. फ्रेडरिक हार्ट ह्यांचें तें शिल्प चांगलेंच आहे आणि १९८४ पासून तें तेथें उभें आहे.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजीं, ५७,९३९ नांवांनिशीं, भिंत लोकांना खुली झाली. पुढें भर पडून ही संख्या ५८,००० च्या वर गेली. त्यानंतर जें घडलें तें कोणी ठरविलें नव्हतें. लोक नांवांवर कागद धरून पेन्सिलीनें ठसे घेऊं लागले; पायथ्याशीं पत्रें, बूट, पदकें, मुलांचीं खेळणीं ठेवूं लागले. त्या वस्तू सरकार गोळा करून जपून ठेवतें.

एवढें यश पहिल्याच कामाला लाभलें कीं पुढचें शिक्षण जड जातें. माया हार्वर्डला गेली, तेथें मन लागलें नाहीं, येलला परतली, आणि स्थापत्याची वरची पदवी तिनें १९८६ सालीं घेतली. स्मारकें करणारी म्हणूनच आपली ओळख राहूं नये अशी तिची धडपड होती. तरी अलाबामा राज्यांत माँटगोमेरी येथें नागरी हक्कांच्या लढ्यांत बळी पडलेल्यांच्या स्मारकासाठीं विचारणा आली तेव्हां ती गेली. १९८९ सालीं पुऱ्या झालेल्या ह्या कामांत काळ्या पाषाणाचें एक गोल मेज आहे. मध्यांतून पाणी येतें आणि कांठावर कोरलेल्या १९५४ ते १९६८ पर्यंतच्या घटनांवरून व नांवांवरून संथ पसरत जातें. नांव वाचायचें तर बोट पाण्यांतून फिरवावें लागतें. येथें वर्तुळ मात्र मुद्दाम अपुरें ठेविलें आहे. पहिल्या नोंदीच्या आणि शेवटच्या नोंदीच्या मध्यें दगड कोरा आहे, कारण लढा १९५४ च्या आधीं होता आणि १९६८ नंतरहि संपला नाहीं.

येल विद्यापीठांतच १९९३ सालीं तिनें आणखी एक पाण्याचें मेज केलें. त्यावर १७०१ पासून दर सालीं किती स्त्रिया शिकत होत्या त्याचे आंकडे चक्राकार कोरले आहेत. आरंभीं शून्य, शून्य, शून्य. पाहणारा कंटाळेल इतकीं शून्यें! पदवीपूर्व वर्गांत तेथें मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ सालीं.

इमारती तिच्या हातून त्यानंतर झाल्या. टेनेसी राज्यांत क्लिंटन येथें १९९९ सालीं पुरें झालेलें लँग्स्टन ह्यूज ग्रंथालय त्यांपैकीं आम्हांला विशेष आवडतें. १८६० च्या सुमाराचें एक लांकडी धान्याचें कोठार तिनें मोडूं दिलें नाहीं. बाहेरचा जुना पोशाख तसाच ठेवून आंत नवें, उजेडाचें वाचनालय बसविलें. आणि २०२१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजच्या नीलसन ग्रंथालयाला तिनें नवें रूप दिलें : १९०९ ची मूळ इमारत राखली, मागाहून जोडलेल्या बोजड बाजू काढून टाकल्या आणि दोहों अंगांना कांचेचे सज्जे उभे केले. हें मुलींचें कॉलेज. तिची आई १९४९ सालीं शांघाय सोडून अमेरिकेस आली ती ह्याच कॉलेजची शिष्यवृत्ति मिळाली म्हणून.