पाणपक्षी पाहा, पण लांबून

दिवाळी सरली की नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर बदकांचे थवे उतरू लागतात. गोदावरी-कादवा संगमाजवळची ही जागा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पाहायला शाळांच्या सहली निघतात आणि दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, मुलांना न्यावे का? बर्ड फ्लू तर होणार नाही ना?"

जरूर न्यावे. पक्षी लांबून पाहिल्याने किंवा डोक्यावरून थवा गेल्याने हा रोग होत नाही. शिवाय पहाटे दोन-तीन किलोमीटर चालणे होते, जे आमच्या सांगण्यावरून कोणी करीत नाही!

धोका असतो तो हात लावण्यात. या रोगाचा विषाणू रानबदकांच्या आतड्यात राहतो आणि बदक पुष्कळदा धडधाकट दिसते. विष्ठेवाटे तो पाण्यात, चिखलात उतरतो व थंडीत बरेच दिवस टिकतो. हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर २०२०-२१ च्या हिवाळ्यात हजारो पट्टेरी हंस या रोगाने मेले. आपल्याकडे २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत साथ आली, तेव्हा माणसांत रुग्ण आढळला नाही. मात्र २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा दगावला. माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

म्हणून काठावर मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर मुलांना उचलू देऊ नये. वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फासे लावून बदके धरणारे अजूनही आहेत. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण खरा संसर्ग पिसे काढताना आणि आतडी साफ करताना होतो. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी चिखलाची पादत्राणे खुराड्यापाशी नेऊ नयेत व परतल्यावर साबणाने हात धुवावेत. नीट शिजवलेली कोंबडी व अंडी खाण्यास हरकत नाही.

आजारी वा मेलेल्या पक्ष्याला हात लागल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना पक्ष्याची गोष्ट आधी सांगावी. यावरचे औषध पहिल्या दोन दिवसांतच उत्तम लागू पडते, आणि रोग्याने सांगितल्याशिवाय आम्हाला हा संशय येत नाही.