द्विशिक्षकी शाळा

द्विशिक्षकी शाळा म्हणजे जिच्यातील सर्व इयत्तांचे अध्यापन आणि शाळेचे प्रशासन केवळ दोन शिक्षक सांभाळतात अशी प्राथमिक शाळा होय. महाराष्ट्रात वाड्या, वस्त्या, तांडे व पाडे येथील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा या प्रकारच्या आहेत. तेथे पहिली ते चौथी, काही ठिकाणी पाचवीपर्यंतचे वर्ग भरतात. मुख्याध्यापकपदाचा प्रभार बहुधा दोघांपैकी सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे असतो. मात्र त्यामुळे त्याचे शिकवण्याचे काम कमी होत नाही.

पार्श्वभूमी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ साली केंद्र शासनाने खडू-फळा मोहीम सुरू केली. एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देणे हा तिचा एक प्रमुख भाग होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. हे प्रमाण इयत्तांशी नव्हे, तर पटाशी जोडलेले आहे. तीस मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब कागदावर पुरेसा वाटतो. ती तीस मुले दोन-तीन इयत्तांत विभागलेली आहेत, हे त्यात दिसत नाही.

अध्यापन

सर्वसाधारणपणे एक शिक्षक पहिली-दुसरी आणि दुसरा तिसरी-चौथी घेतो. यास बहुवर्ग अध्यापन म्हणतात. शिक्षक दुसरीला हातच्याची बेरीज समजावत असतो, तेव्हा पहिलीची मुले पाटीवर अक्षरे गिरवत असतात किंवा मणी, काड्या, चिंचोके मोजत असतात. मोठ्या मुलांपैकी गटप्रमुख नेमून लहानांचे वाचन घेतले जाते. पद्धत चांगली आहे. कारण धाकटी मुले पुढच्या इयत्तेचे पाठ कानांवरून ऐकत राहतात आणि थोरल्यांची उजळणी होते. परंतु तिला तयारी लागते. एका तासिकेसाठी दोन टाचणे काढावी लागतात, आणि सोपवलेले काम लवकर संपले की पहिलीचा वर्ग शिक्षकाची वाट पाहत नाही.

अधिनियमानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. दोन इयत्ता एकत्र बसत असतील, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला येणारा शिक्षकाचा प्रत्यक्ष वेळ सुमारे निम्माच उरतो. एक शिक्षक बैठक, प्रशिक्षण किंवा रजेमुळे बाहेर असेल, त्या दिवशी चारही इयत्ता एकाच्या हाती येतात. अशा शाळेची खरी कसोटी या दिवशी लागते.

मेळघाटातील कोरकू, सातपुड्यातील पावरी किंवा पालघर परिसरातील वारली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकातील मराठी ही जवळजवळ नवीन भाषा असते. तेथे मुलांनी मराठी शिकण्याआधी शिक्षकाला त्यांची बोली थोडीफार शिकावी लागते. 'पाणी', 'भूक', 'दुखते' हे शब्द त्याला आधी कळावे लागतात.

अध्यापनाव्यतिरिक्त कामे

परिपाठ व हजेरी झाल्यावर त्या दिवसाच्या तांदळाचा हिशेब सुरू होतो. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो. शिजलेले अन्न वाढण्यापूर्वी चाखून चव नोंदवहीत नोंद करायची असते. याखेरीज दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेश व पुस्तकांचे वाटप, शालेय व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आणि संगणकीय प्रणालीत भरावयाची माहिती असते. डोंगराळ भागात त्यासाठी मोबाइलला रेंज मिळेल तो चढ गाठावा लागतो. अधिनियमाच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. मात्र शाळेतील लेखनकामाला या कलमाचा अटकाव होत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकाचे वेतन किमान बारा रुपये व मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावे, असे सुचवले होते. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे दिल्यास शिक्षकाची प्रतिष्ठा वाढेल, असेही त्यांनी म्हटले होते. पुढे कामे आली. ती प्रतिष्ठेसाठी आली असे म्हणणे कठीण आहे.

गावातील वावर

जूनमध्ये पटनोंदणीसाठी शिक्षक घरोघरी फिरतात. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत, विशेषतः बीड जिल्ह्यात, ही फेरी दिवाळीच्या सुमारास पुन्हा करावी लागते. आई-वडील कोयता घेऊन कारखान्याकडे निघण्यापूर्वी मुलाला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा, अशी विनवणी करायची असते. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी हवी, हे उत्तर बहुधा ठरलेले असते. पट घटला की संचमान्यतेत दुसरे पद टिकेल की नाही, हा प्रश्नही त्याच फेरीत शिक्षकाच्या मनात असतो. गाळप हंगाम संपवून मुले परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि दुसऱ्या सत्राचा अभ्यास त्यांच्याकडून काही आठवड्यांत करून घ्यावा लागतो.