सीटीओ व्हायचंय? आधी हे गैरसमज सोडा

पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये मला सीटीओ केलं तेव्हा आम्ही सहा इंजिनिअर होतो. निवडीचं कारण एकच, सर्वांत जास्त कोड माझा होता. पुढचे चार महिने मी दिवसभर मीटिंगांना बसायचे आणि रात्री कोड लिहायचे. माझ्या रिव्ह्यूसाठी बाकी पाच जणांचं काम मात्र दोन-दोन दिवस अडून राहायचं. त्या दिवसांत कुणीतरी जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

चांगला कोडर झाला की पुढची पायरी सीटीओ, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तिथून कामच बदलतं. कालपर्यंत स्वतः काय बांधलं त्याचा हिशेब असायचा. आजपासून दुसऱ्यांनी बांधलेल्या गोष्टीला तुम्ही जबाबदार असता. 'रेंट द रनवे' या अमेरिकी कंपनीच्या माजी सीटीओ कमिल फोर्निए यांचं 'द मॅनेजर्स पाथ' हे २०१७ मधलं पुस्तक या वाटेवरचंच आहे. त्यातली व्यवस्थापनाची पहिली पायरी आहे नवख्या सहकाऱ्याला हाताशी धरून शिकवण्याची. सीटीओपद त्यानंतर बऱ्याच टप्प्यांनी येतं. स्टार्टअपमध्ये हे टप्पे एका रात्रीत ओलांडावे लागतात, म्हणून ते जाणूनबुजून शिकावे लागतात.

दुसरा गैरसमज फाउंडर मंडळींचा लाडका: काम रखडलंय, आणखी माणसं घ्या. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. गणित सोपं आहे. पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या १० जोड्या होतात, दहा माणसांत ४५ आणि वीस माणसांत १९०. शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण? ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही तेच. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेण्याचा १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला, तेव्हा ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते फक्त ३२.

जुना कोड टाकून सगळं नव्याने लिहावं, हा मोह तर प्रत्येक नव्या सीटीओला होतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ते केलं. ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली, पाचवी आलीच नाही आणि सहावी थेट २००० च्या नोव्हेंबरात आली. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार घेतला होता. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळींत अनेकदा कुणा ग्राहकाची खरी अडचण सोडवलेली असते. तो थोडा थोडा बदलत न्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत महागडा गैरसमज मात्र वेगळाच आहे. 'आपल्याकडे बॅकअप आहे' आणि 'चूक कुणाची ते सापडलं की प्रश्न सुटला' ही त्याची दोन तोंडं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत काय झालं ते बघा. डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडली होती. दिवसभर काम करून थकलेल्या इंजिनिअरने ती पुसायला घेतली आणि आज्ञा चालवली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप घेणारं साधन डेटाबेसशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसा इशारा देणारे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून ते कुणाला मिळालेच नाहीत. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका प्रतीमुळे बाकीचं वाचलं, त्यानंतरच्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

गिटलॅबने हे सगळं लोकांपुढे मांडलं, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि दोष एका माणसावर न टाकता यंत्रणेत शोधला. त्या रात्रीचा खरा प्रश्न 'आज्ञा कुणी दिली' हा नव्हताच. बॅकअप परत आणून बघण्याचं काम कुणाच्या नावावर होतं, हा होता. असं काम कुणाच्याच नावावर नसेल तर ते सीटीओचं असतं.

कायदा वकील बघतील, हेही डोक्यातून काढून टाका. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रात्री दोन वाजता घटना घडली तर त्या सहा तासांत वकिलाला माहिती देणार तुम्हीच.

नवी नेमणूक झाली असेल तर या आठवड्यात एवढं करा. एक रिकामा सर्व्हर घ्या, कालचा बॅकअप त्यावर चढवा आणि किती वेळ लागला ते लिहून भिंतीवर लावा.